दरवाजापुढची रांग

बस्मा अब्दुल अझीझ या इजिप्शियन लेखिकेची ‘अत्-ताबूर’ म्हणजे ‘रांग’ ही 2013 सालची कादंबरी मी एलिझाबेथ जॅकेट यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली, आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या परभणी जिल्ह्यातील वाचकास ती जितकी निकटची वाटेल तितकी लंडनच्या वाचकास वाटणे कठीण, असे माझे मत झाले. फसलेल्या उठावानंतर ‘दरवाजा’ नावाची सत्ता एका अनामिक नगरीचा कारभार हाती घेते. तिच्या मंजुरीवाचून कोणताही दाखला मिळत नाही, आणि तो दरवाजा तर कधी उघडतच नाही. याह्या नावाच्या तरुणाच्या कटिभागात गोळी रुतलेली आहे. ती काढण्याचे कौशल्य वैद्याजवळ आहे, परंतु परवान्यावाचून शस्त्र उचलण्याचे धैर्य नाही, कारण सरकारी निवेदनानुसार त्या दिवशी गोळी मुळी झाडलीच गेलेली नाही. लेखिका स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून छळ सोसलेल्या माणसांवर तिने उपचार केले आहेत. म्हणूनच तिने रंगविलेली दहशत आक्रोशाची नसून ताटकळण्याची आहे. रांगेतच चहा विकला जातो, रांगेतच तंटे होतात, आणि वाट पाहणे हाच माणसांचा संसार होऊन बसतो. अहमद खालिद तौफीक यांच्या ‘यूटोपिया’त (2008) तटबंदीआडचे धनिक बाहेरच्या दरिद्री माणसांची शिकार करतात, ती कल्पना भेदक खरी, पण ‘रांग’मधल्या बंद दरवाजाची भीती मला अधिक खोल वाटते.

आमच्याकडे, परभणीत, निजामाच्या अमलात फिर्याद मनात मराठीतून उमटे आणि अर्ज उर्दूत लिहवून घ्यावा लागे. याच जिल्ह्यातील सातोना येथे 1913 साली जन्मलेले मराठी लेखक बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि 1953 साली निवर्तले. दफ्तराखाली चेपलेला माणूस त्यांना कल्पनेने निर्माण करावा लागला नसेल.

अरबीशी आपले नाते जुनेच आहे: पंचतंत्र पहलवीमार्गे आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने अरबीत नेले, आणि सत्ताधीशाला सुनावण्याची रीत ‘कलीला व दिम्ना’च्या रूपाने पुढे युरोपभर पोहोचली. त्या देण्याची परतफेड आपल्यापर्यंत इंग्रजीच्या पायवाटेनेच यावी, हे मला उचित वाटत नाही. मराठवाड्यात अरबी शिकलेली माणसे आहेत आणि मराठी गद्याची नस जाणणारीही आहेत. त्यांनी एकत्र बसून ‘रांग’ ही कादंबरी मूळ अरबीतून मराठीत आणावी, आणि आपल्या प्रकाशकांनी तिच्यासाठी जागा ठेवावी.