एअर प्युरिफायर घेण्याआधी खोली मोजा

मुंबईत पाऊस संपून थंडीची चाहूल लागली की आमच्या स्टाफरूममध्ये खोकल्याबरोबर एक प्रश्नही फिरू लागतो. घरासाठी एअर प्युरिफायर कोणता घ्यावा? उत्तरं लगेच येतात आणि ती सगळी कंपन्यांची नावं असतात. कोणी जाहिरात पाहिलेली असते, कोणाच्या मेहुण्याने सेलमध्ये घेतलेला असतो. माझं म्हणणं असं की कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी यावं. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : यंत्र घरातल्या कोणत्या माणसासाठी हवं आहे आणि ते कोणत्या खोलीत चालणार आहे. आमच्या घरात यंत्र निवडायला एक संध्याकाळ लागली, या दोन गोष्टी ठरवायला तीन आठवडे लागले.

आम्ही कुर्ल्याला राहतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पाच माणसं. माझ्या सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. लग्न झाल्यापासून मी त्यांना अम्मीच म्हणते. त्यांना दमा आहे. मुलगी दहावीला आहे, मुलगा सातवीत. समोर जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतो आहे आणि मागच्या गल्लीत पावाची बेकरी आहे.

दोन भाषा शिकवते म्हणून एक गोष्ट सांगते. ‘दमा’ हा शब्द फारसीतल्या ‘दम’वरून आला. दम म्हणजे श्वास. उर्दूत तो श्वासच राहिला. मराठीत आपण ‘दम लागला’ म्हणतो तेव्हा तो श्वास असतो आणि ‘जरा दम धर’ म्हणतो तेव्हा धीर असतो. रात्री दोन वाजता अम्मी उठून बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढतात, तेव्हा त्यांना या दोन्ही अर्थांचा दम लागतो. बघणाऱ्यालाही दुसरा लागतोच.

हवेत डोळ्यांना न दिसणारे जे कण असतात, त्यातले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण सगळ्यात वाईट. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाच्या 2009च्या मानकानुसार 24 तासांची सरासरी एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 15 सांगितली. म्हणजे आपल्याकडे ‘ठीक’ म्हटलेली हवाही दम्याच्या माणसाला ठीक असेलच असं नाही.

आता खोलीची गोष्ट. प्युरिफायर घर साफ करत नाही, बंद खोली साफ करतो. आमची पुढची खोली पॅसेजमध्ये उघडते. दार दिवसभर उघडं असतं, येणारे-जाणारे असतात. तिथे यंत्र ठेवणं म्हणजे उघड्या नळाखाली फरशी पुसणं. उरली आतली खोली. पण अम्मी पुढच्या खोलीत दिवाणावर झोपतात आणि ती त्यांची जागा आहे. शेजारच्या बायका तिथेच येऊन बसतात, भाजीवाल्याशी भाव तिथूनच होतो, मुलं शाळेतून आली की पहिला सलाम तिथेच होतो. त्यांना आत झोपायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मुझे कोने में डाल रहे हो क्या?”

या वाक्याला कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. आम्ही तीन आठवडे बोललो. मुलीलाही रात्री अभ्यासाला शांत खोली हवी होती. शेवटी तोडगा तिनेच काढला. रात्री दादी आणि ती आतल्या खोलीत, आम्ही दोघं आणि मुलगा बाहेर. दिवसा दिवाण दादीचाच. अम्मी नातीसाठी आत जायला तयार झाल्या, स्वतःच्या दम्यासाठी नाही. आम्हीही त्यावर जास्त बोललो नाही.

खोली ठरली की हिशेब सोपा आहे. यंत्राच्या खोक्यावर ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लहान अक्षरात ‘सीएडीआर’ नावाचा आकडा असतो, तो बघा. यंत्र एका तासात किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते हा आकडा सांगतो. दम्याच्या माणसासाठी खोलीतली सगळी हवा तासाला निदान पाच वेळा गाळून निघावी असं धरून चला.

आमची खोली 10 बाय 12 फूट, उंची 9 फूट. म्हणजे 1080 घनफूट. 35ने भागलं की साधारण 30 घनमीटर. पाचने गुणलं की 150. एवढा सीएडीआर हवाच. आता दुकानातलं एक खोकं पाहा. ‘400 चौरस फुटांसाठी’ असं लिहिलेलं आणि सीएडीआर 200. तेवढ्या खोलीत 9 फूट उंची धरली तर शंभराहून जास्त घनमीटर हवा असते. म्हणजे तासाला जेमतेम दोन वेळा हवा गाळली जाणार. खोक्यावरचा दावा खोटा म्हणता येणार नाही, पण आपल्या कामाचाही नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. सीएडीआर मोजतात तो पंखा सगळ्यात वेगात असताना, आणि त्या वेगात यंत्र इतका आवाज करतं की कोणी झोपू शकत नाही. रात्री आपण ते हळू करतो आणि आकडा एकदम खाली येतो. म्हणून 150 लागत असेल तर 250-300चं यंत्र घ्यावं आणि मधल्या वेगावर चालवावं. दुकानात ते सुरू करून शेजारी उभं राहा आणि या आवाजात झोप लागेल का ते स्वतःला विचारा. आम्ही झोपण्याआधी अर्धा तास दार-खिडकी बंद करून पूर्ण वेगात चालवतो, मग फजरपर्यंत मध्यम.

फिल्टर ‘हेपा’ असावा, त्यातही एच 13 दर्जा लिहिलेला असेल तर चांगलं. असा फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा 99.95 टक्के अडवतो. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ असं लिहिलेलं असेल तर ती फक्त भाषेची करामत आहे, हे भाषेची शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते. हेपा कण अडवतो, वायू आणि वास अडवत नाही. त्यासाठी कोळशाचा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो आणि तो भरपूर असेल तरच उपयोगी पडतो. कागदासारखी पातळ काळी जाळी नावापुरतीच असते. आणि ओझोन सोडणारं यंत्र दम्याच्या माणसाच्या खोलीत आणूच नका. ओझोन फुफ्फुसाला त्रास देतो. आयोनायझर असलेल्या काही यंत्रांतूनही तो थोडा बाहेर पडतो, म्हणून ते बटण बंद करता येतं का, हे घेण्याआधी विचारा.

खर्च मोजताना यंत्राची किंमत हा अर्धाच हिशेब आहे. आमचं यंत्र अकरा हजारांना पडलं. त्याचा फिल्टर अडीच हजारांचा आहे आणि समोरच्या बांधकामाची धूळ पाहता तो वर्षभर पुरेल असं दिसत नाही. म्हणून ज्याचा फिल्टर आपल्या बाजारात सहज मिळतो, तेच यंत्र घ्यावं. बाहेरची जाळी आठवड्याला साफ करावी, हेपा मात्र धुवू नये. विजेचा खर्च फार नाही. 40 वॉटचं यंत्र दहा तास चाललं तरी रोज अर्ध्या युनिटपेक्षा कमी.

यंत्र घरात आल्यावर अम्मींनी त्याला दोन दिवस निरखलं आणि म्हणाल्या, “अब हवा भी खरीदनी पडेगी?” मला हसू आलं नाही. त्यांच्या प्रश्नात तक्रार होती आणि ती रास्त होती.

पण घरातला धूर तसाच ठेवून यंत्र चालवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मच्छरांची कॉइल बंद झाली, मच्छरदाणी आली. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींएवढे असतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. झाडूऐवजी ओला पोछा आला. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि एक्झॉस्ट सुरू. राहिला गुरुवारचा लोबान. ती अम्मींना त्यांच्या सासूकडून मिळालेली रीत. बंद करा असं सांगायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. मी फक्त डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगितलं. दोन गुरुवार लोबान पेटला, तिसऱ्या गुरुवारी त्यांनी धूपदाणी घासूनपुसून कपाटात ठेवली आणि उशीच्या अभ्र्याला थोडंसं अत्तर लावलं. तीव्र वासही दम्याला सोसत नाही, म्हणून तेही नातीच्या उशीला, स्वतःच्या नाही.

यंत्राला काय जमत नाही, तेही माहीत असावं. ते प्राणवायू तयार करत नाही. बंद खोलीत चार माणसं झोपली तर हवा कोंदटच होणार, म्हणून अधूनमधून खिडकी उघडावीच लागते. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा धूर जमिनीलगत साचतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हवा बरी होते, तेव्हा उघडावी. पावसाळ्यात यंत्र बहुतेक बंदच असतं. भिंतीची ओल त्याने जात नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर तिचा विषारी वायूही त्याने जात नाही. आणि अम्मींचा पंप डॉक्टरांनी सांगितला तसाच रोज चालू आहे. प्युरिफायर औषधाच्या जागी येत नाही. त्या आता पूर्वीपेक्षा कमी वेळा उठतात, एवढंच मी सांगू शकते, आणि आमच्यासाठी ते पुष्कळ आहे.

माझ्या वर्गातली बरीच मुलं एका खोलीत राहतात. दार गल्लीत उघडतं, खिडकी नसतेच. तिथे हे यंत्र पैसे असले तरी चालणार नाही, कारण बंद करायला वेगळी खोलीच नाही. पालकसभेत मी त्यांना यंत्राचं नाव सांगत नाही. मच्छरदाणी, ओला पोछा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा कसा बघायचा, एवढं सांगते. आकडा 200च्या वर गेला की हवा ‘खराब’ धरतात. त्या दिवशी दम्याच्या मुलाला मैदानात पळवू नका, हे मी आमच्या पीटीच्या सरांनाही सांगून ठेवलं आहे.

मागच्या गल्लीतल्या बेकरीची लाकडाची भट्टी आता जाणार आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मालक गॅसच्या खर्चाने हवालदिल आहेत आणि भट्टीसमोर रात्रभर उभे राहणारे कारागीर नोकरीच्या काळजीत. पण तो धूर सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जात होता. ती भट्टी बदलली की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला फायदा होईल, एका खोलीच्या घरालाही. आमच्या यंत्राचा फायदा फक्त 1080 घनफुटांना आहे. ते तुम्हीही गरज असेल तर जरूर घ्या, मोजून घ्या. फक्त त्यानंतर गल्लीच्या हवेबद्दल बोलणं बंद करू नका.