चांदा ते बल्लारपूर : एका बालेकिल्ल्याची हकीकत

निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे 'बालेकिल्ला' हा शब्द फार सढळ हाताने वापरतात. अमुक क्षेत्र अमुक पक्षाचा बालेकिल्ला, असे एकदा छापले गेले, की तेथील मतदार तटाच्या चिऱ्यांप्रमाणे जागचे हलणारच नाहीत, अशी आपली समजूत होऊन बसते. या समजुतीची पारख करावयाची, तर जेथे खरोखरीचे किल्लेही उभे आहेत असा मुलूख पाहावा, या हेतूने आम्ही चंद्रपूर, बल्लारपूर व मूल असा प्रवास केला.

चंद्रपूर म्हणजे जुने चांदा. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशींनी युक्त असा या शहराचा परकोट अद्यापि पुष्कळसा उभा आहे. याच्या स्थापनेची दंतकथा मोठी गमतीची आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला असता, येथे एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला. राणीने हे ठिकाण वीरभूमी ओळखून तेथेच किल्ला बांधण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. पुढे याच तटातून १७५१ साली गोंडांची सत्ता जाऊन नागपूरकर भोसल्यांची आली आणि १८१८ साली इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले. तट तोच राहिला. धनी मात्र बदलत गेले.

चंद्रपुराहून दक्षिणेस निघालेला रस्ता विसापूरवरून बल्लारपुरास पोहोचतो. शहर संपले असे वाटावे तोच दुसरी वस्ती लागते. वर्धा नदीकाठचा जुना किल्ला, कागदाचा कारखाना, कोळशाच्या खाणी आणि सागवानाच्या ओंडक्यांची वखार, असे या गावाचे रूप आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान गेले ते येथूनच. दिल्ली-मद्रास लोहमार्गावरील या जंक्शनास रेल्वेवाले 'बल्लारशा' म्हणतात. कारखान्याच्या व खाणीच्या कामासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असून बाजारात मराठीबरोबर तेलुगू व हिंदीही कानी पडते.

बल्लारपूर हे स्वतंत्र विधानसभा क्षेत्र २००८ च्या पुनर्रचनेत अस्तित्वात आले. त्यात बल्लारपूर, मूल व पोंभुर्णा यांच्या जोडीस चंद्रपूर तालुक्याचाही काही भाग घातला गेला. त्याच वेळी चंद्रपूर शहराचे क्षेत्र अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यामुळे, तेथून १९९५, १९९९ व २००४ असे तीनदा निवडून आलेले भारतीय जनता पक्षाचे श्री. सुधीर मुनगंटीवार शेजारच्या या नव्या क्षेत्रात आले. २००९ पासून २०२४ पर्यंत चारही वेळा येथून तेच विजयी झाले. बालेकिल्ला म्हणावयाचा तो हाच.

परंतु लोकसभेचा हिशेब मांडला म्हणजे चित्र पालटते. १९५२ साली चांद्याने काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांस दिल्लीस पाठविले, १९६२ साली लाल श्यामशहा या अपक्षास, आणि १९७७ च्या लाटेत अहेरीचे राजे विश्वेश्वरराव यांस. त्यानंतर काँग्रेसचे शांताराम पोटदुखे १९८० पासून ओळीने चार वेळा निवडून आले. १९९६ साली भारतीय जनता पक्षाचे श्री. हंसराज अहीर, १९९८ व १९९९ साली काँग्रेसचे श्री. नरेश पुगलिया, आणि २००४ पासून पुन्हा तीन वेळा श्री. अहीर. २०१९ साली महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसच्या पदरी अवघी एक जागा पडली, ती चंद्रपूरची. ती बाळू धानोरकर यांनी जिंकली.

बल्लारशाहून गोंदियाकडे जाणारी गाडी 'चांदा फोर्ट' या स्थानकावरून पुढे जंगलात शिरते व मूल गाठते. या मूल-सावलीच्या मुलखाने महाराष्ट्रास मारोतराव कन्नमवार दिले. २० नोव्हेंबर १९६२ रोजी ते राज्याचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच निवर्तले. त्या काळी या भागात काँग्रेसवाचून दुसरे नाव कोणी घेत असेल असे वाटत नाही. तरी पुढे सावलीने भारतीय जनता पक्षाच्या शोभाताई फडणवीस यांस विधानसभेत पाठविले. आता सावली हे क्षेत्रच नकाशावर उरलेले नाही. मूल बल्लारपुरात आले, सावली तालुका ब्रह्मपुरीकडे गेला.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र. दुर्गावरील संकट जनपदावरील संकटाहून भारी, असे पाराशर मताचे आचार्य म्हणत. कौटिल्याने ते मत खोडून काढले. दुर्ग, कोश व सैन्य यांचे मूळ जनपदात आहे, असा त्याचा निर्णय. ही जुनी चर्चा आम्हांस बल्लारपुरात वारंवार आठवली.

कारण २०२४ साली येथे जे घडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यातील लोकसभेच्या निवडणुकीत श्री. मुनगंटीवार यांचा श्रीमती प्रतिभा धानोरकर यांनी २,६०,४०६ मतांनी पराभव केला. त्यांच्या स्वतःच्या बल्लारपूर क्षेत्रातही काँग्रेसच पुढे राहिली. त्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबरात, त्याच बल्लारपूरने त्यांस सुमारे २६ हजारांच्या मताधिक्याने विधानसभेत पाठविले. माणसे तीच, मतदानाची केंद्रेही बहुधा तीच. पण दिल्लीसाठी एक विचार आणि मुंबईसाठी दुसरा. कोणी यास चंचलपणा म्हणेल. आम्हांस मात्र त्यात विवेक दिसतो. गावचा रस्ता कोणी करावा आणि देशाचा कारभार कोणी पाहावा, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे खाणीत खपणाऱ्या माणसासही ठाऊक असते.

आपल्या एकत्र कुटुंबांतही 'आमच्या घरची मते ठरलेली' असे वडीलमाणसे अभिमानाने सांगतात. त्यांनी एकदा सुनांस व नातवंडांस सहज विचारून पाहावे. मत बदला असे आमचे कोणासही सांगणे नाही; ते दर वेळी नव्याने विचार करून द्यावे, इतकेच. तसे झाले तर उमेदवारासही आपला बालेकिल्ला दर पाच वर्षांनी पुन्हा बांधावा लागेल, आणि त्यात त्याचे व आपले दोघांचेही हित आहे.