बाराची तोफ

मैत्रिणींनो, परदेशी जाऊन आलेली बाई तिकडच्या गोष्टी सांगू लागली की ऐकणारीला जांभया येतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, मी सहलीला गेले नव्हते. बाळंतपणाला गेले होते!

धाकटी बहीण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहरात राहते. तिचं दुसरं बाळंतपण. आईचे गुडघे विमानप्रवासाला तयार होईनात, तेव्हा गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत डिंक, अळीव, बाळंतशेपा अशी पुडकी बांधून मीच निघाले. तीन आठवडे खिमट, शेक, तान्ह्याची अंघोळ आणि थोरलीचे हट्ट. समुद्र म्हणजे गॅलरीतून दिसणारी निळी पट्टी, एवढंच.

एके सकाळी धाकटी म्हणाली, "ताई, आज बाळाचा बाबा घरी आहे. तू समुद्रावर जा. आणि बाराची तोफ झाली तरी उठायचं नाही, बरं का!"

या तोफेची तिथे एक गोष्ट सांगतात. दीडशे वर्षांपूर्वी एक स्कॉटिश साहेब हिवाळा काढायला या गावी येत असे. त्याची बायको सकाळी फिरायला जायची ती गप्पांत रमायची, आणि साहेबांचं जेवण राहून जायचं. अखेर त्याने टेकडीवर बरोबर बाराला तोफ उडवायची व्यवस्था केली. खरंखोटं देव जाणे; पण भर दुपारी बाराला बार मात्र आजही होतो. आता तोफ नाही, शोभेच्या दारूचा आवाज असतो.

ट्रामने जुन्या गावात उतरले. तिथल्या बाजारात पाऊल टाकलं आणि थबकलेच. फुलांच्या शेजारी भोपळ्याच्या जातीची पिवळी फुलं जुड्या बांधून ठेवलेली! त्यांची ते भजी करतात. आणि 'सोका' म्हणून जो पदार्थ लोक रांग लावून घेत होते, तो काय असावा? हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत खरपूस भाजायचं, वर मिरपूड. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच की हो! हिरवी मिरची नि कोथिंबीर तेवढी हवी होती.

पुढे समुद्र. काठाने सुमारे सात किलोमीटर लांब रस्ता आहे. त्याला 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' असंच नाव आहे. 1820च्या सुमारास कडक थंडीने तिथल्या गरिबांचं काम बुडालं, तेव्हा हिवाळ्याला आलेल्या इंग्रजांनी वर्गणी काढून त्यांच्याकडून ही वाट बांधून घेतली. 1972च्या दुष्काळात आपल्याकडे रस्त्यांची कामं निघाली होती, तसंच म्हणा ना.

माझं माहेर गुहागरचं. समुद्र म्हणजे पुळण, असं डोक्यात बसलेलं. इथे वाळूचा कण नाही. सगळे गुळगुळीत करडे गोटे. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घासून खळखळतात. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते. भूमध्य समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, महासागराशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद, हे किती वर्षं मुलांकडून घोकून घेतलं! पण दोन तास पाणी एकाच रेषेवर राहिलेलं पाहिलं, तेव्हा तो धडा मला खरा कळला.

रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. कुणीही बसावं, पैसे नाहीत. मी बसले. शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक आजीबाई पोहून आल्या होत्या. केस पुसले, पिशवीतून जर्दाळू काढून खाल्ला आणि नुसत्या बसून राहिल्या. हातात विणकाम नाही, पुस्तक नाही, सोबतीला माणूस नाही. "एकट्याच का हो?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

मला आठवेना, काही काम हातात नसताना मी यापूर्वी कधी अशी बसले होते.

तेवढ्यात धडाम्! बारा वाजले. काय सांगू, मी ताडकन उठले, पर्स खांद्याला लावली आणि भात टाकायचा राहिला म्हणून निघालेसुद्धा! चार पावलं गेल्यावर धाकटीचे शब्द आठवले. स्वतःशीच हसत परत येऊन बसले. आजीबाई जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या.

दिवाळीला माहेरी गेले. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण आई पुळणीवर जायची ती नारळी पौर्णिमेला, नाहीतर पाहुण्यांना समुद्र दाखवायला. "चल, बसू या," म्हटलं तर म्हणाली, "काय करायचं तिथं जाऊन?" मी घडीची खुर्ची काखोटीला मारली आणि तिला हाताला धरून नेलंच. बसली बिचारी. पण दहाएक मिनिटं झाली असतील नसतील, तोच गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"अगं, दिवेलागणीची वेळ झाली."

आम्हां बायकांना टेकडीवरची तोफ लागतच नाही. ती आतच उडते.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत फराळाचे डबे भरत होते. साडेपाच वाजले असतील. आतून आईचा आवाज आला, "अगं, ती खुर्ची कुठं ठेवलीस काल?"