इर्जिकीला नवी बैलजोडी कशाला?



विहिरीवर मोटर बसवताना आपण दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. तीनची का पाचची? खरा प्रश्न वेगळा असतो. वीज एक युनिट जळाली, तर पाणी किती आले? दोनशे लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला, तर तासाला १८ हजार लिटर पाणी झाले. त्याच तासात मीटर चार युनिट पुढे सरकला असेल, तर एका युनिटाला साडेचार हजार लिटर पडले. हा हिशेब ज्याने मांडला, त्याला कोणी मोटर विकताना सहसा फसवू शकत नाही.

आज हाच हिशेब एका नव्या वस्तूला लावून दाखवायचा आहे. वस्तू आहे संगणक. तोही पत्त्यांच्या जोडाएवढा. संगणकाचे नाव ऐकून पान उलटू नका. शिकणारी मुले बहुतेक घरांत आहेत, आणि आमच्या घरात उभा राहिलेला प्रश्न उद्या तुमच्या ओसरीवरही उभा राहू शकतो.

झाले असे, की गेल्या उन्हाळ्यात हरभऱ्याचे पैसे हाती आले आणि धाकट्या पुतण्याने मागणी केली, “काका, दहा बोर्ड घेऊ या.” तो पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोर्ड म्हणजे एका हिरव्या पाटीवर सगळी जोडणी केलेला छोटा संगणक. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी ‘रास्पबेरी पाय’ या नावाने तो फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आणला, मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून. असे दहा बोर्ड रात्रंदिवस चालवून शास्त्रज्ञांना गणिते करून द्यायची, असा मुलाचा बेत होता.

थोरल्या बंधूंनी विचारले, “त्यातून मिळणार काय?”

“काही नाही, आबा. दान आहे ते.”

वहिनी चुलीजवळून म्हणाल्या, “दान करायला आधी घरात असावे लागते. भाऊजी, तुम्ही शेतकऱ्यांना प्रात्यक्षिके दाखवत फिरता, मग हेही मोजून दाखवा. नाही तर पोराचा हिरमोड करू नका नि पैसेही घालवू नका.”

वहिनींनी पेच बरोबर टाकला होता. एकीकडे घरचा पैसा, दुसरीकडे काही चांगले करू पाहणाऱ्या पोराचा उत्साह. अंदाजाने बोलून दोन्हींचे नुकसान झाले असते. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

आधी हे दान काय आहे ते सांगतो. जगात काही गणिते इतकी मोठी असतात, की एका संस्थेच्या संगणकांना ती वर्षानुवर्षे पुरतात. मग त्या गणिताचे लहान लहान तुकडे पाडतात आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या घरच्या संगणकांकडे इंटरनेटवरून एकेक तुकडा पाठवतात. घरचा संगणक तो सोडवून उत्तर परत करतो. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठाने मे १९९९ मध्ये ‘सेटी ॲट होम’ नावाने असा प्रयोग सुरू केला. परग्रहावरून कोणी संदेश धाडतो आहे काय, हे रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून शोधण्याचे ते काम होते. नवे तुकडे वाटण्याचे ते काम मार्च २०२० मध्ये थांबले. त्याच विद्यापीठाने तयार केलेली ‘बॉइंक’ ही व्यवस्था मात्र इतर अनेक कामांसाठी वापरली जाते.

ही कामे नुसती आभाळातली नाहीत. २००८ ते २०१० या काळात ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ या उपक्रमातून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी भातातील प्रथिनांची घडण शोधण्याचे काम घेतले होते. हेतू हा, की अधिक पौष्टिक वाण पैदा करणाऱ्यांना दिशा मिळावी. याच उपक्रमात २०१९ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाने आफ्रिकेतील पावसाचे बारकाईने गणित मांडायला घेतले. तिथला शेतकरीही आपल्यासारखाच पावसाकडे डोळे लावून बसणारा.

आम्ही मोजमापासाठी निवडले ते ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हे २००५ पासूनचे काम, कारण त्याचे तुकडे या छोट्या बोर्डांवरही चालतात. रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून स्वतःभोवती गरगर फिरणारे तारे ते शोधते. २०१० मध्ये सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा एक तारा असा सापडला. तो पकडणारे संगणक कोणाचे होते? एक अमेरिकेतील आयोवा या मका-सोयाबीनच्या मुलखातल्या एका जोडप्याचा, दुसरा जर्मनीतला. अमेरिकेतील ‘लायगो’ या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदीही याच कामात तपासल्या जातात. तशाच यंत्रासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा निवडलेली आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

वडीलधाऱ्यांना यात इर्जिकीची आठवण होईल. सावडीत आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, असा फेडीचा हिशेब असतो. इर्जिकीत तसे नसते. एकाचे रान नांगरायचे राहिले, की गाव आपापले नांगर-बैल घेऊन जाते, दिवसभर राबते, जेवते नि घरी येते. फरक एवढाच, की या नव्या इर्जिकीत जेवणही आपल्याच घरचे असते, म्हणजे वीज आपली असते. म्हणूनच ती मोजायची.

घरात पुतण्याचा एक जुना बोर्ड होता, २०१६ साली निघालेल्या तिसऱ्या पिढीचा. त्याच्या मित्राकडून २०१९ च्या चौथ्या पिढीचा बोर्ड महिन्यापुरता आणला. माझा जुनाट टेबलावरचा संगणक माळ्यावरून उतरवला. चौथा गडी पुतण्याचा अभ्यासाचा लॅपटॉप. प्लगमध्ये खोचून वीज मोजायचा छोटा मीटर मिळतो, तो प्रत्येकाला लावला.

पुतण्या म्हणाला, “काका, एवढा खटाटोप कशाला? बॉइंक स्वतःच चाचणी घेते.” ते खरे आहे. त्या दोन चाचण्यांची नावेही मजेशीर आहेत. व्हेटस्टोन म्हणजे धार लावायचा दगड. पण १९७२ च्या त्या चाचणीला नाव पडले ते इंग्लंडातल्या व्हेटस्टोन या गावावरून. पुढे १९८४ मध्ये दुसरी चाचणी निघाली, तेव्हा इंग्रजीत ‘वेट’ म्हणजे ओले म्हणून हिचे नाव ‘ड्राय’, म्हणजे कोरडे, अशी कोटी करून ती ड्रायस्टोन झाली. पहिली अपूर्णांकांची गणिते किती वेगाने होतात ते पाहते, दुसरी पूर्णांकांची नि इतर साधी कामे.

पण ही चाचणी क्षणभराची. दुकानात पाच मिनिटे चालवलेली मोटर कोणाचीही छान चालते. वैशाखात सलग आठ तास चालल्यावर ती काय करते, ते महत्त्वाचे. म्हणून आम्ही नियम केला, की सर्वांना एकाच प्रकारचे तुकडे द्यायचे, दिवसरात्र चालवायचे, आणि जी उत्तरे स्वीकारली गेली तेवढीच मोजायची. शेवटची अट फार मोलाची आहे. या कामात एकच तुकडा सहसा दोन निरनिराळ्या घरी पाठवतात. दोन्ही उत्तरे जुळली तरच ती पदरात पडतात. उत्तर द्यायला साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. चुकीचे किंवा मुदतीनंतरचे उत्तर म्हणजे पोचट दाणा. पोत्यात भरला तरी वजनात धरायचा नाही.

आता निकाल ऐका. जुन्या बोर्डाचे दिवसाचे काम १० मापे धरले, तर नव्या बोर्डाचे २४ भरले, जुन्या टेबली संगणकाचे ३० आणि लॅपटॉपचे १२०. पूर्ण कामावर असताना जुना बोर्ड साडेचार वॅट घेत होता, नवा सात, टेबली संगणक ७५ आणि लॅपटॉप ३०. म्हणजे एका युनिटामागे जुन्या बोर्डाने ९३ मापे दिली, नव्याने १४३, टेबली संगणकाने अवघी १७ आणि लॅपटॉपने १६७.

या आकड्यांवर जरा थांबा. सर्वांत कमी वीज खाणारा तो जुना बोर्ड. पण युनिटामागे तो नव्या बोर्डाला हरला. टेबली संगणकाचे काम दोन्ही बोर्डांहून जास्त दिसते. पण वीज पाहिली तर तो पांढरा हत्ती. आणि छोटा तो काटकसरी, असे आपण धरून चाललो होतो, तर घरात आधीच असलेला लॅपटॉप सर्वांवर ताण निघाला. नुसते वॅट पाहून किंवा नुसते काम पाहून यातले काहीच कळले नसते. आकडे आमच्या यंत्रांचे आहेत. तुमच्या यंत्राचे वेगळे येतील, पण भागाकार हाच राहील.

आणखी तीन गोष्टी या मुलखात मोजल्यावाचून चालत नाहीत. पहिली उष्णता. हे बोर्ड ८० अंशांच्या आसपास तापले, की जळू नये म्हणून आपोआप मंद होतात. आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी नवा बोर्ड तसा मंदावला. छोटा पंखा बसवल्यावर सुधारला. थंड देशात हिवाळ्यात घेतलेले माप आपल्या उन्हाळ्याला लावणे म्हणजे कोकणातल्या भाताचे उत्पादन माणदेशात धरणे होय. दुसरी गोष्ट दाब. बाजारातल्या हलक्या वायरीने बोर्डाला पुरता दाब मिळेना, तेव्हा पडद्यावर विजेच्या कडकडाटाचे चिन्ह उमटले आणि वेग पडला. जाड वायर लावताच चिन्ह गेले. कमी दाबावर गुरगुरणारी मोटर तुम्ही पाहिलीच आहे. तिसरी गोष्ट बोर्डातले छोटे कार्ड. त्यावर सारखे लिहिले गेले, की ते झिजते. वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागू नये म्हणून मधूनमधून नोंद हवीच; पण ती दर क्षणाला नको. बॉइंकमध्ये हे अंतर वाढवता येते.

महिना संपल्यावर ओसरीवर हिशेब मांडला. दर सोपा म्हणून युनिटाला आठ रुपये धरला. दहा नवे बोर्ड महिन्याला ५० युनिट, म्हणजे ४०० रुपये. वर्षाला ४,८०० च्या वर. बोर्ड, वायरी, कार्डे, पंखे यांची किंमत वेगळीच. आणि दहांचे मिळून काम २४० मापे, म्हणजे घरातल्या दोन लॅपटॉपांएवढे. जुना बोर्ड तसाच चालू ठेवला तर महिन्याला सव्वातीन युनिट, २६ रुपये. तेवढेच काम नव्या बोर्डावर घेतले तर नऊ-दहा रुपये वाचतील. पण त्या बचतीतून बोर्डाची किंमत कधी फिटायची?

पुतण्या गप्प होता. मग आबाच म्हणाले, “अरे, इर्जिकीला जायचे म्हणून कोणी नवी बैलजोडी घेतो का? दावणीला आहे ती न्यायची.”

या विद्येचे मूळही तेच आहे. सेटीच्या काळी माणूस खुर्चीवरून उठला, की रिकामा बसलेला संगणक कामाला लागत असे. जे वाया जात होते ते देण्याची ती कल्पना होती. दानासाठी नवी खरेदी करायला कोणी सांगितले नव्हते.

असे ठरले, की टेबली संगणक परत माळ्यावर जावा. जुना बोर्ड देवघराशेजारच्या फळीवर चालू राहावा. लॅपटॉप अभ्यासासाठी उघडा असेल तेवढाच वेळ निम्म्या ताकदीने काम करावा, म्हणजे तापणार नाही. हरभऱ्याचे पैसे बियाण्याला आणि विहिरीची मोटर भरून घ्यायला गेले. वहिनींनी २६ रुपये महिना बिनतक्रार मंजूर केले. “एवढे तर आपण दिंडीच्या चहाला देतो,” म्हणाल्या. पुतण्याच्या पहिल्या तुकड्याचे उत्तर जगात कुठल्याशा दुसऱ्या घरच्या उत्तराशी जुळले, तेव्हा तो ते आईला दाखवायला धावत गेला.

तुमच्या घरी कोणा मुला-मुलीने असा हट्ट धरला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढू नका. काम कोणत्या विद्यापीठाचे वा संस्थेचे आहे ते आधी विचारा. शाळेच्या किंवा कचेरीच्या संगणकावर परवानगीवाचून काही बसवू देऊ नका. मग वीज मोजायचा मीटर आणा, एक वही द्या आणि महिनाभर त्यांच्याकडूनच नोंदी ठेवून घ्या: काम किती स्वीकारले गेले, युनिट किती जळाले. भागाकार त्यांनाच करू द्या. दावणीला काय बांधलेले आहे ते पाहून मग खुशाल इर्जिकीला जा.