न दिलेल्या गोळीची नोंद

सॉफ्टवेअरमधला सगळ्यात वाईट बग कोणता? माझं मत विचाराल तर क्रॅश होणारा नव्हे. क्रॅश झालं की निदान कळतं तरी. एरर येते, रात्री दोनला फोन वाजतो, आपण शिव्या घालत उठतो आणि फिक्स करतो. खरा वाईट बग म्हणजे रात्रीचा जो जॉब चाललाच नाही तो. एरर नाही, लॉग नाही, सगळं कसं शांत शांत. जे घडलंच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

हॉस्पिटलमध्येही नेमका हाच बग असतो. चुकीचं औषध दिलं की बोंबाबोंब होते, पेपरात येतं. पण द्यायचं औषध दिलंच नाही, किंवा तीन तास उशिरा दिलं, तर? चार्टवर एक चौकोन रिकामा राहतो. बस्स. तोवर शिफ्ट बदललेली असते.

मला हे कळलं ते आजोबांमुळे. त्यांना गेली दहा वर्षं पार्किन्सन्स आहे, आणि मांडीचं हाड मोडलं म्हणून त्यांना अ‍ॅडमिट केलं होतं. पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध लेव्होडोपा. ते रक्तात फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मं होतं. त्यामुळे आजार जुना झाला की गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते. घरी आजीचं टाइमटेबल पक्कं: सहा, दहा, दोन, सहा, दहा. वॉर्डचं वेगळं: आठ, दोन, आठ. तिथे कुणी वाईट नव्हतं हो, सिस्टर बिचाऱ्या पळतच होत्या. पण पाचाच्या तीन गोळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आजोबा लाकडासारखे ताठ. घास गिळता येईना. फिजिओथेरपिस्टने फाइलमध्ये लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

आजी म्हणाली, "सहकार्य कसलं करतील? त्यांची दहाची गोळी राहिलीय."

रूट कॉज अ‍ॅनालिसिस, एका वाक्यात! डॉक्टरांकडून तिच्या वेळा चार्टवर लिहून घेतल्या, आणि दोन दिवसांत आजोबा चहा गार आहे म्हणून कुरकुरायला लागले. आम्ही सुटलो. पण हे औषध एकदम थांबलं तर ताप, ताठरपणा आणि जिवावर बेतण्यापर्यंत वेळ येऊ शकते, हे मी नंतर वाचलं आणि पोटात गोळा आला.

मग सवयीप्रमाणे वाचतच सुटलो. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००६ पासून 'गोळी वेळेवर द्या' एवढ्याच मागणीसाठी मोहीम चालवली आहे. तिथल्या रुग्ण-सुरक्षा यंत्रणेने २०१० साली नोंदी मोजल्या. सप्टेंबर २००६ ते जून २००९ या काळात औषध राहिल्याच्या किंवा उशिरा दिल्याच्या घटनांमध्ये २७ मृत्यू, ६८ गंभीर इजा आणि इतर २१,३८३ घटना. आणि या फक्त कुणीतरी कळवलेल्या!

सगळीच औषधं इतकी घाईची नसतात. व्हिटॅमिनची गोळी दोन तास उशिरा गेली म्हणून काही बिघडत नाही. पण अँटिबायोटिक, इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि पार्किन्सन्सची औषधं यांचं तसं नाही. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांवरचा २००६ सालचा एक अभ्यास गाजला होता. त्यात योग्य अँटिबायोटिक द्यायला होणाऱ्या दर तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होताना दिसली. म्हणजे प्रायॉरिटी क्यू हवी. वॉर्डात मात्र बऱ्याचदा सगळं एकाच रांगेत उभं असतं.

आणि कारणं? अगदी किरकोळ. पेशंट स्कॅनला गेला होता. सलाइनची सुई निघाली होती. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं, त्यात गोळीही उपाशी राहिली. आपल्याकडे आणखी एक खास कारण: सिस्टर चिठ्ठी देतात, नातेवाईक खालच्या मेडिकलमधून औषध आणतात. नातेवाईक डबा आणायला घरी गेलेला असला की चिठ्ठी उशाशी, औषध दुकानात आणि पेशंट मधल्यामध्ये.

कॉम्प्युटर आणला की प्रश्न सुटला, असं आपल्या जमातीला लगेच वाटतं. काही अंशी खरंय, रिकामा चौकोन लाल तरी करता येतो. पण दिवसाला दोनशे अ‍ॅलर्ट आले की आपण त्यांचं काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

असो. कुणाला अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर (येऊ नये, पण येतेच) पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा. यातलं कुठलं औषध उशिरा चालणार नाही? घरच्या वेळा चार्टवर लिहिल्यात का? उपाशी ठेवणार असाल तेव्हा या गोळीचं काय? स्वतःच्या मनाने गोळी मात्र देऊ नका, एखादे वेळी डबल डोस व्हायचा. फक्त विचारा. किरकिरे नातेवाईक म्हणतील, म्हणू देत. मॉनिटरिंग करणारा कुणालाच आवडत नाही.