वडिलोपार्जित

वडिलांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या : हरणीचे घर आणि पाण्याच्या गाठींनी फुगलेली मूत्रपिंडे. ‘पॉलिसिस्टिक’ हे त्या व्याधीचे नाव. आईबापांपैकी एकास ती असली, की प्रत्येक अपत्यास निम्मी शक्यता, निव्वळ छापा-काटा.

गेल्या वर्षी कोलेस्टेरॉल वाढले, म्हणून एका डॉक्टरांनी ४० मिलिग्रॅमची रोसुवास्टॅटिन लिहून दिली. मूत्रपिंडांविषयी त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. (विद्यार्थ्यांची हीच सबब मी तीस वर्षे फेटाळत आलो आहे!) दीड महिन्यात लघवीतून प्रथिन जाऊ लागले, तलावाकाठी फिरताना मांड्या भरून येत.

मूत्रपिंडतज्ज्ञांनी कागद पाहिले. मूत्रपिंडांचे कार्य माझ्याइतके मंदावल्यावर या औषधाची मात्रा १० मिलिग्रॅमपलीकडे नेत नाहीत. क्वचित स्नायूंचाच ऱ्हास होऊन त्यांतील मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते, तो धोका निराळाच. मी गोळ्या बंद करण्याच्या विचारात होतो. “तसे नको, सर,” ते म्हणाले, “या आजारात हृदयही जपावे लागते.” त्यांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन दिले, मूत्रपिंडांसाठी त्याची मात्रा घटवावी लागत नाही. प्रथिन कमी झाले.

चिरंजीवांनी अद्याप सोनोग्राफी करून घेतलेली नाही. रविवारी ते येत आहेत. माझे सारे रिपोर्ट मी टेबलावर काढून ठेवले आहेत.