आईचं माहेर पेडणे

आमच्या सदलग्यात सुनांची माहेरं म्हणजे निपाणी, इचलकरंजी. आईचं मात्र गोव्यातलं पेडणे. जन्म १९५२चा, म्हणजे तेव्हा पोर्तुगीज राज्य. बाबा इथलेच, दूधगंगेकाठचे; मुंबई राज्यात जन्मले, १९५६ला गावासकट म्हैसुरात गेले.

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला करता येते, मग मुलांनाही पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. युरोपात काम मिळेल म्हणून मी कागद जमवले. आधी आईचा जन्म, मग तिचं लग्न, मग मी. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं; तेवढं जुळवण्यातच दोन वर्षं गेली.

सहीच्या दिवशी आईनं विचारलं, "मग हितलं?"

म्हटलं, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इथला पासपोर्ट जमा, मत बंद.

"मला नववं वरीस हुतं तवा भारतीय झाले, कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "आमच्या गावाला तरी कुठं इचारलं!" जन्मभर सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात फिरलेला माणूस तो.

आईनं पेन माझ्याकडं सरकवलं. "तुला इचारत्यात न्हवं? मग तूच आधी सांग."

फाईल अजून ट्रंकेत आहे.